जलसा, कॅसेट आणि वही

लोणावळ्याहून पुण्याकडे जाणारी लोकल मळवली, कामशेत, वडगाव, तळेगाव घेत देहूरोडला पोचते. याच देहूरोडला २५ डिसेंबर १९५४ रोजी डॉ. आंबेडकरांनी रंगूनहून आणलेली बुद्धमूर्ती स्वतःच्या हातांनी बसवली. नागपूरची धम्मदीक्षा व्हायला अजून पावणेदोन वर्षं होती. तळेगावात बाबासाहेबांचा बंगला. आमच्या कुसगावापासून कार्ला आणि भाजे ही दोन्ही लेणी हाकेच्या अंतरावर. म्हणून मावळातल्या वस्त्यांवर आंबेडकरी चळवळीची गोष्ट सांगायला पुस्तक उघडावं लागत नाही, ती चौदा एप्रिलच्या रात्री ढोलकीवर ऐकू येते.

त्याच १९५४ च्या डिसेंबरात अमेरिकेत रे चार्ल्स नावाच्या अंध कृष्णवर्णीय गायकाचं ‘आय गॉट अ वूमन’ हे गाणं बाजारात आलं. चाल चर्चमधल्या भक्तिगीताची आणि शब्द प्रेमाचे. देवाच्या सुरावर बाईचं गाणं गातो म्हणून अनेक भाविकांनी त्याला बोल लावले. पण त्या गाण्यापासून ज्या वळणाला जोर आला त्याला पुढे ‘सोल’ म्हणू लागले. या दोन घटनांचा एकमेकींशी काडीचाही संबंध नाही. तरीही दोन्हीकडे पुढच्या वीस वर्षांत जे घडलं ते शेजारी शेजारी ठेवून पाहावं असं मला फार दिवसांपासून वाटत आलं आहे.

इथले दलित आणि अमेरिकेतले कृष्णवर्णीय, या दोन समाजांची ओळख तशी जुनी. १८७३ साली जोतीराव फुल्यांनी ‘गुलामगिरी’ अर्पण केली ती अमेरिकेतल्या गुलामांची सुटका करण्यासाठी झटलेल्या सज्जनांना. १९१३ ते १९१६ आंबेडकर न्यूयॉर्कला कोलंबिया विद्यापीठात शिकत होते आणि हार्लेम तिथून पायी जाण्याइतकं जवळ. १९४६ मध्ये त्यांनी विचारवंत डब्ल्यू. ई. बी. डुबॉइस यांना पत्र लिहून, कृष्णवर्णीयांनी संयुक्त राष्ट्रांकडे केलेल्या अर्जाची प्रत मागितली. डुबॉइसनी आपुलकीने उत्तर पाठवलं. साठच्या दशकात औरंगाबादच्या मिलिंद महाविद्यालयात म. ना. वानखडे अमेरिकेहून शिकून आले ते तिथल्या काळ्या लेखकांची पुस्तकं डोक्यात घेऊनच. गंगाधर पानतावण्यांचं ‘अस्मितादर्श’ हे नियतकालिक याच वातावरणातलं.

मग १९७२ साल. आपल्याच पुणे जिल्ह्यात, इंदापूर तालुक्यातल्या बावड्याला, दलितांवर बहिष्कार पडला होता आणि मुंबईतली तरुण पोरं संतापली होती. नामदेव ढसाळ, ज. वि. पवार, राजा ढाले ही नावं आता सगळ्यांना ठाऊक आहेत. अमेरिकेत ओकलंडच्या ब्लॅक पँथर या कृष्णवर्णीयांच्या संघटनेविषयी ‘टाइम’मध्ये वाचलं होतं, त्यावरून संघटनेचं नाव ठरलं: दलित पँथर. त्याच वर्षी ढसाळांचा ‘गोलपिठा’ हा कवितासंग्रह आला, तेंडुलकरांच्या प्रस्तावनेसह. ढसाळ मूळचे पूर-कनेरसरचे, म्हणजे मावळच्या शेजारच्या खेड तालुक्यातले. कामाठीपुऱ्याच्या गल्ल्यांत वाढून, टॅक्सी चालवून त्यांनी मराठी कवितेची भाषा उलटीपालटी केली. पंधरा ऑगस्टच्या ‘साधना’त ढाल्यांचा ‘काळा स्वातंत्र्यदिन’ हा लेख छापून आला आणि महाराष्ट्र हादरला. १९७४ च्या जानेवारीत वरळीची दंगल झाली, तिच्यात भागवत जाधव हा कार्यकर्ता मारला गेला. त्याच साली संघटनेत फूट पडली. ज्वाला मोठी, पण दोन-तीन वर्षांची. एवढा इतिहास पुस्तकांत नीट नोंदवलेला आहे, विद्यापीठांत शिकवला जातो.

माझं म्हणणं याच्या पुढचं आहे. पँथरची कविता आणि जाहीरनामा मुंबईत गाजला, पण मावळातल्या, सिन्नरच्या, मंगळवेढ्याच्या वस्तीत बाबासाहेब पोचवले ते गाण्याने. त्या गाण्याला मात्र साहित्यात कायम ओसरीवर बसवून ठेवलं.

हे गाणं आलं तमाशाच्या पोटातून. सत्यशोधक जलशांनी वाट पाडली होती. तीसच्या दशकात भीमराव कर्डक आणि त्यांच्या सोबत्यांनी आंबेडकरी जलसा उभा केला. तमाशात आधी गण, म्हणजे गणपतीला नमन. मग गवळण, मग वग. जलसेकऱ्यांनी साचा मोडला नाही, आतला माल बदलला. गणात गणपतीच्या जागी भीमाला वंदन आलं. गवळणीतली मथुरेच्या बाजाराची छेडछाड गेली आणि तिथे शाळा, पाणवठा, दारू, सावकार यांवरचे संवाद आले. वगात राजाराणीऐवजी गावचा पाटील आणि शिकून आलेला महाराचा पोरगा समोरासमोर उभे राहिले. ढोलकी तीच, तुणतुणं तेच, झीलकऱ्यांची ‘जी जी’ तीच. ऐकणाऱ्याचे कान त्या साच्याला सरावलेले होते, म्हणून नवा विचार थेट आत शिरला. रे चार्ल्सने चर्चच्या चालीचं जे केलं तेच हे, फक्त वीस वर्षं आधी.

वामनदादा कर्डक याच परंपरेतले. सिन्नर तालुक्यातल्या देशवंडीचे, जन्म १९२२ चा. अक्षरओळख मोठेपणी मुंबईत झाली, आणि १९४३ पासून त्यांनी गाणी लिहिली ती अखेरपर्यंत. ज्या माणसाने हयातीत शेकडो गावांना गाणं दिलं, त्याच्या ओळी लोक म्हणताना ‘हे कुणाचं’ हे विसरून गेले होते. लोकगीत व्हायला याहून मोठी पावती लागत नाही, पण कवी म्हणून त्यांचं नाव घ्यायला आपल्या समीक्षेने फार उशीर लावला.

आणि प्रल्हाद शिंदे. त्या आवाजाबद्दल कितीही लिहिलं तरी कमीच. एकाच गळ्यातून विठ्ठलाची गाणी, कव्वाली आणि भीमगीत. आषाढीला ज्यांच्या घरी त्यांचं भक्तिगीत लागायचं त्यांना हाच आवाज सहा डिसेंबरला चैत्यभूमीवर कसा पेटतो हे ठाऊक नसायचं. तिकडे अमेरिकेत सोल गाणारी अरेथा फ्रँकलिनही अशीच: डेट्रॉइटच्या एका धर्मोपदेशकाची मुलगी, बापाच्या चर्चमध्ये गाऊन तयार झालेली. ओटिस रेडिंगने १९६५ मध्ये गायलेलं ‘रिस्पेक्ट’ तिने १९६७ ला गायलं, आणि नवऱ्याने बायकोकडे मागितलेला मान एका बाईची, मग सगळ्या समाजाची मागणी होऊन बसला. गाण्याला अर्थ देतो तो गळा आणि त्या गळ्यामागचं जगणं. प्रल्हाद शिंदे ऐकताना हे कळतं. वामनदादा १५ मे २००४ ला गेले आणि प्रल्हाद शिंदे २३ जूनला. चाळीस दिवसांत दोन्ही खांब कोसळले.

मधल्या काळात कॅसेट आली. ऐंशीच्या दशकात जलसा मागे पडून गायन पार्टी पुढे आली होती: हार्मोनियम, ढोलकी, बेंजो, दोन गायकांत सवाल-जवाब, आणि गाणं रंगलं की प्रेक्षकांतून उठून कुणीतरी पेटीवर ठेवलेली नोट. चैत्यभूमीच्या आणि दीक्षाभूमीच्या स्टॉलवर कॅसेटा मिळत आणि माणसं त्या पोराबाळांसारख्या जपून गावी आणत. अमेरिकेत बेरी गॉर्डीने १९५९ मध्ये डेट्रॉइटला मोटाउनची कंपनी काढली, त्यामुळे काळ्या गायकांचं गाणं काळ्या माणसाच्या मालकीच्या कंपनीतून विकलं गेलं. आपल्याकडे असं घर उभं राहिलं नाही. गाणी विकली गेली, गायक मात्र बिदागीवर जगत राहिले.

या गायकांतला एक शाहीर विसरता येत नाही. ११ जुलै १९९७ ला घाटकोपरच्या रमाबाई नगरात पोलिसांच्या गोळीबारात दहा माणसं गेली. चार दिवसांनी त्या शाहिराने, विलास घोगरे यांनी, मुलुंडच्या झोपडीत आयुष्य संपवलं. आनंद पटवर्धनांनी त्यांना ‘हमारा शहर’ या माहितीपटात गाताना टिपलं होतं, आणि ‘जय भीम कॉम्रेड’ हा पटवर्धनांचा नंतरचा माहितीपट घोगऱ्यांच्या जाण्यापासूनच सुरू झाला. शाहिरांचे चेहरे आणि आवाज त्या चित्रफितीत राहिले, नाहीतर तेही गेले असते. अलीकडे औरंगाबादच्या कडुबाई खरात एकतारीवर गातात आणि मोबाइलवरून घरोघर पोचतात. वाद्य शंभर वर्षांपूर्वीचं, वाट आजची.

मावळात अजून गायन पार्ट्यांतले जुने गायक आहेत. कुणाच्या ट्रंकेत, कुणाच्या फळीवर गाण्यांच्या वह्या आहेत. कडेला तेलाचे डाग पडलेल्या, निळ्या शाईच्या. या वह्या वाळवी लागण्याआधी उतरवून घ्यायला हव्यात आणि त्याच बैठकीत गाणाऱ्याला समोर बसवून ध्वनिमुद्रण करायला हवं. नुसत्या वहीचे फोटो काढून भागणार नाही, कारण तिच्यात चालीच्या जागी एवढंच लिहिलेलं असतं: ‘चाल’, आणि पुढे तेव्हाच्या एखाद्या सिनेमातल्या गाण्याचे पहिले दोन शब्द.