ब्राउझरचे आधीच ठरलेले नियम

गेल्या वर्षी एक विद्यार्थिनी आमच्या शाखेत पासबुक भरून घ्यायला आली. शिष्यवृत्ती जमा झाली का, एवढेच तिला पाहायचे होते. जमा नव्हती. महाडीबीटीचा अर्ज तिने नेट कॅफेत भरला होता. संगणकाने 'पासवर्ड जतन करू का?' असे विचारले आणि तिने घाईत होकार दिला. नंतर कोणीतरी तेच खाते उघडून पासवर्ड बदलला. अर्ज त्रुटीसाठी परत आला होता, ते तिला कळलेच नाही.

सेनगाव, औंढा, कळमनुरीकडील आपली कितीतरी मुले असेच अर्ज भरतात. म्हणून हा विषय.

संकेतस्थळ ज्यातून उघडते तो ब्राउझर. क्रोम, फायरफॉक्स, सफारी, ब्रेव्ह हे त्याचे प्रकार होत. पासवर्ड जतन करण्याची विचारणा यातील सगळेच करतात. फरक आहे तो 'कुकी'बाबत. पूर्वी बँकेत पितळी टोकन मिळत असे, तशी ही खूण समजावी. आपण कोण, हे संकेतस्थळाने ओळखावे म्हणून ती असते व त्यात गैर काही नाही. परंतु बँकेबाहेरच्या जाहिरातवाल्यानेही आपल्या खिशात स्वतःचे टोकन सरकवले आणि पुढे प्रत्येक दुकानात त्यावरून आपला माग काढला तर? याला त्रयस्थ कुकी म्हणतात. सफारीने 2020 पासून त्या आपोआप अडवल्या. फायरफॉक्सने 2022 मध्ये प्रत्येक संकेतस्थळाची कुकी वेगळ्या कप्प्यात ठेवणे सुरू केले. ब्रेव्ह तर जाहिरातीही रोखतो. क्रोमच्या मालकाने, म्हणजे गुगलने, त्या बंद करू असे 2020 मध्ये जाहीर केले आणि 2024 मध्ये तो बेत सोडला. गुगलचे मुख्य उत्पन्न जाहिरातींचे आहे, हे येथे विसरू नये.

आपल्या बहुतेकांच्या मोबाईलमध्ये क्रोम आधीच असतो, आणि मिळाले ते कोणी बदलत नाही. आधीच बसवून दिलेल्या ॲप्ससह अँड्रॉइडसंबंधीच्या कारणांवरून भारतीय स्पर्धा आयोगाने 2022 मध्ये गुगलला 1,337.76 कोटी रुपये दंड केला. चेन्नईच्या झोहो कंपनीने 2023 मध्ये 'उला' हा ब्राउझर आणला, तोही पाहण्याजोगा आहे.

'इन्कॉग्निटो'विषयी मात्र मोठा गैरसमज आहे. त्याच्या सर्व खिडक्या बंद केल्यावर त्या संगणकावरील इतिहास व कुकी पुसल्या जातात, इतकेच. संकेतस्थळाला आपण दिसतोच. शिवाय उतरवून घेतलेली जातप्रमाणपत्राची, आधारची फाईल 'डाउनलोड'मध्ये तशीच राहते. ती पुसावी, रिसायकल बिनमधूनही काढावी, लॉग आऊट व्हावे आणि मगच खुर्ची सोडावी. पासवर्ड जतन झालाच असेल तर सेटिंगमधील पासवर्डच्या यादीतून तो काढता येतो. कॅफेवाल्याला सांगायला संकोच करू नये.

ती मुलगी आता मोबाईलवर फायरफॉक्स वापरते. अर्ज भरायला मात्र नेट कॅफेतच जाते, स्कॅनर तिथेच आहे.