शेवाळाचं रील

रायगड जिल्ह्यातल्या कर्जत-खालापूरकडच्या कुठल्याही फार्महाऊसचं इन्स्टाग्राम पान उघडा. निळाशार पूल, काठावर पाय सोडून बसलेली मंडळी, मागे ढगात बुडालेला डोंगर. दहा पानं पाहिली तरी घर तेवढं बदलतं, चित्र तेच. ते खोटं नसतं, फक्त जुलै-ऑगस्टमधलं असतं. उरलेलं वर्ष ते घर उभं ठेवणारा माणूस मात्र त्यात कुठे दिसत नाही. गंमत म्हणजे, पान चालवणारा पुष्कळदा तोच असतो.

या धंद्याला आता 'प्रॉपर्टी मॅनेजमेंट' म्हणतात. पूर्वी त्याला नावच नव्हतं. मुंबई-ठाण्याच्या साहेबांनी बंगला बांधायचा आणि शेजारच्या वाडीतलं एखादं जोडपं आउटहाऊसमध्ये राहायचं. तो झाडांना पाणी घालायचा, ती पाहुण्यांना तांदळाच्या भाकऱ्या करून वाढायची. पुढे मुंबई-पुणे द्रुतगती मार्ग झाला, बंगले वाढले, आणि हौस ओसरली तशा मालकांच्या फेऱ्या कमी झाल्या. आता गावातलाच एखादा तरुण पाच-सात बंगल्यांच्या किल्ल्या सांभाळतो. पूलमध्ये क्लोरीन, बोअरवेलची मोटर, लॉनची कापणी, रविवारी पाहुणे गेले की चादरींचे गठ्ठे. त्याच्या वरच्या थरात मोठ्या कंपन्या आहेत. देवेंद्र आणि तेजस पारुळेकर यांची सॅफ्रनस्टेज किंवा स्टेव्हिस्टा यांचं सूत्र तेच: घर मालकाचं, कारभार कंपनीचा. किल्ल्यांचा जुडगा कमरेला लावलेला तरुण आणि या कंपन्या मोबाइलच्या एकाच पडद्यावर शेजारीशेजारी दिसतात, एवढं एक नवल या माध्यमाने नक्की केलं.

चित्रावर घर चालतं, हा धडा जुनाच. 2009 साली एअरबीएनबीची न्यूयॉर्कमधली घरं काही केल्या उचलली जात नव्हती. घरं ठीक होती, फोटो भिकार होते. संस्थापकांनी कॅमेरा भाड्याने घेतला, घरोघर जाऊन स्वतः फोटो काढले आणि तिथली कमाई दुप्पट झाली. आपल्याकडे हा क्षण आला 2020च्या पावसाळ्यात. 29 जूनला टिकटॉकवर बंदी आली, लगेच जुलैत इन्स्टाग्रामने भारतात रील्स आणले, आणि टाळेबंदीने कोंडलेल्या माणसांना गर्दीच्या हॉटेलापेक्षा आपल्यापुरता एक बंगला हवासा वाटू लागला. तेव्हापासून उभा व्हिडिओ हे या धंद्यातलं चलनी नाणं झालं. रील नावाची चीज जन्मण्याआधीच नेरळजवळच्या सगुणा बागेने शहरातल्या माणसांना शेतावर आणून दाखवलं होतं, ही गोष्ट वेगळी.

गडबड होते ती एप्रिलमध्ये. जुलैचं रील पाहून मुंबईचं कुटुंब एप्रिलच्या सुट्टीत उतरतं. कर्जतचा पारा चाळिशी ओलांडलेला, डोंगर पिवळे, धबधब्याच्या जागी काळा कातळ. पाहुणा रागाने एक तारा देऊन जातो. खरं म्हणजे एप्रिलचंही दाखवण्याजोगं चित्र या दोन तालुक्यांत आहे, आणि ते उन्हाळ्यात दुसरीकडे सहसा मिळत नाही. टाटांचं खोपोलीचं वीजगृह 1915 साली सुरू झालं, भिवपुरीचं 1922 साली. वीज काढून झालेलं खोपोलीचं पाणी पाताळगंगेत येतं, भिवपुरीचं पेज नदीत. म्हणून ऐन वैशाखात पेजेला पाणी असतं आणि राजनाला कालव्याच्या काठाने उन्हाळी भात हिरवागार डोलतो. शंभर वर्षांपूर्वी उभारलेल्या वीजगृहांची ही कृपा. 'एप्रिलमध्ये येताय? मग हे बघा' असं सांगणारं रील मी अजून पाहिलेलं नाही.

पण पाहुणा हे अर्धंच गिऱ्हाईक झालं. देखभाल करणाऱ्याचं खरं गिऱ्हाईक म्हणजे मालक. पाहुणा दोन रात्रींचे पैसे देतो, मालक घराची किल्ली देतो. तो दादरला असेल, मस्कतला असेल, न्यू जर्सीत असेल. पूलकाठच्या नाचाने त्याला काडीचा आनंद होत नाही, उलट टाइल फुटली नाही ना ही धास्ती वाटते. रायगडात पावसाळ्यात सरासरी 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस कोसळतो. चार महिने बंद राहिलेल्या घराची गादी बुरशीने काळी पडते, भिंतीला ओल चढते, वाळवी चौकटीत शिरते. मालकाच्या मनात दिवाळीत कुलूप उघडताना येणारा तो कुबट वास असतो. त्याला दाखवायचं ते शेवाळ. पायऱ्यांवरचं, घासण्याआधीचं आणि घासल्यानंतरचं. पन्हळीतून निघालेला पालापाचोळा, गच्चीवर अंथरलेली ताडपत्री, मोटरची जळकी वायर बदलणारा हात. पंधरा सेकंद पुरे, मागे गाणं नको. खराट्याचा आवाज चांगला लागतो.

यूट्यूबचं काम इथे निराळं आहे. दहा मिनिटांची सावकाश फेरी, गेटपासून सेप्टिक टँकपर्यंत, कुणी मनोरंजनासाठी पाहणार नाही. पण परदेशातला मालक ती दोनदा पाहतो आणि मग फोन करतो. व्हॉट्सॲपच्या स्टेटसला आपण फारच कमी लेखतो. एका मालकाने ठेवलेला माणूस त्याच्या शेजारच्या तीन मालकांच्या फोनमध्ये असतोच. नवं काम बरेचदा तिथूनच येतं. गूगल नकाशावर मात्र फाट्यापासून घरापर्यंतच्या रस्त्याचे खरे फोटो टाकावेत. शेवटचा अर्धा किलोमीटर कच्चा असेल तर तोही. गाडी रुतल्यावर रात्री दहाला येणारा फोन त्याने वाचतो.

चांगल्या फोटोला चोर असतात. भामटे बंगल्यांचे फोटो उचलून दुसऱ्या नावाने पान काढतात, निम्म्या भावात बुकिंग घेतात, ॲडव्हान्स यूपीआयवर मागतात. शनिवारी दुपारी अनोळखी कुटुंब बॅगा घेऊन गेटवर उभं राहतं आणि शिव्या केअरटेकरला खाव्या लागतात. म्हणून फोटोवर आपलं नाव आणि नंबर ठळक हवा, खरं पान कोणतं ते सगळीकडे लिहिलेलं हवं. फसलेल्याला 1930 हा सायबर हेल्पलाइनचा नंबर सांगता आला पाहिजे.

पाहुण्याची फसगत फुकट राहायला बोलावलेल्या इन्फ्लुएन्सरमुळेही होऊ शकते. ही जाहिरात आहे असं त्याने व्हिडिओत स्पष्ट सांगायला हवं. जाहिरात मानक परिषदेचा हा नियम 2021पासून आहे. आणि बंगले सांभाळता सांभाळता ओळखीच्या बिल्डरच्या प्लॉटचं रील टाकायचा मोह आवरावा. महारेरात नोंदलेल्या प्रकल्पाच्या जाहिरातीत नोंदणी क्रमांक लागतो, 1 ऑगस्ट 2023पासून क्यूआर कोडही, आणि त्यात दलाली घ्यायची तर एजंट म्हणून स्वतःची नोंदणी.

काही चित्रं टाकूच नयेत असं माझं स्पष्ट मत आहे. बंगल्यामागच्या ओढ्यात, धबधब्याच्या तोंडाशी उभ्या पाहुण्यांचं रील झकास चालतं. जुलै 2024मध्ये माणगाव तालुक्यातल्या कुंभे धबधब्याजवळ रील करताना एक तरुणी दरीत कोसळून गेली. पावसाळ्यात धबधब्यांवर प्रशासनाचे मनाई आदेश निघतात, तेव्हा तीच जागा आपल्या पानावर मिरवत राहणं बरं दिसत नाही. 'माउंटन व्ह्यू' हा शब्दही खालापुरात जरा जपून वापरावा. 19 जुलै 2023च्या रात्री इर्शाळवाडीवर दरड आली ती याच तालुक्यात. पाहुण्याने डोंगर किती लांब आहे आणि पाणी कुठून वाहतं असं विचारलं, तर खरं उत्तर तयार असावं.

पावसाने उघडीप दिली की ड्रोनवाले येतील, पूल वरून निळा दिसेल, ते होऊ द्यावं. त्याआधी, मे संपता संपता शिडीवर चढून पन्हळ साफ करताना, खाली शिडी धरणाऱ्या पोराच्या दुसऱ्या हातात मोबाइल द्यावा. आडवा धरला तर ओरडून उभा करायला सांगावा.