‘जर’ आणि ‘तर’ यांमधील जबाबदारी

‘जर’ आणि ‘तर’ हे शब्द आपण नित्य व्यवहारात सहज वापरतो. ऐकणारा समजूतदार असतो. बोलणे थोडे अपुरे राहिले तरी आशय जाणतो. संगणक मात्र आशय जाणत नाही, लिहिलेले तेवढेच पाळतो. म्हणूनच प्रोग्रामिंग शिकू लागलेल्या विद्यार्थ्यांच्या पुष्कळशा चुका गणिताच्या नसून अट मांडण्याच्या असतात. त्यांतील चार चुका आम्ही येथे मांडत आहोत.

पहिली चूक चिन्हाची. सी, जावा, पायथन या भाषांत ‘=’ म्हणजे किंमत साठवणे आणि ‘==’ म्हणजे तुलना करणे. सी भाषेतील अटीत चुकून एकच चिन्ह पडले, तर तुलना न होता नवी किंमत साठवली जाते. ती शून्य नसेल तर अट नेहमीच खरी ठरते. पायथन अशी ओळ स्वीकारतच नाही.

दुसरी चूक सीमारेषेची. अनुसूचित जातींसाठीच्या मॅट्रिकोत्तर शिष्यवृत्तीला कुटुंबाचे वार्षिक उत्पन्न २,५०,००० रुपयांपर्यंत चालते. ‘<=’ ऐवजी नुसते ‘<’ लिहिले, की नेमके २,५०,००० उत्पन्न असलेल्या घरातील मुलगी अपात्र ठरते.

तिसरी चूक क्रमाची. अटींच्या साखळीत पहिली खरी अट सापडताच संगणक पुढचे पाहत नाही. ‘३५ किंवा अधिक टक्के’ ही अट प्रथम ठेवली, तर ८२ टक्के मिळवणाराही केवळ ‘उत्तीर्ण’ राहतो. विशेष प्राविण्यापर्यंत तपासणी पोहोचतच नाही. सर्वांत कठीण अट म्हणूनच आधी ठेवावी.

चौथी चूक ‘आणि’ व ‘किंवा’ यांची. या एका शब्दाचे मोल आपल्या समाजाला सांगावयास नको. १९५० च्या अनुसूचित जाती आदेशातील धर्मविषयक अटीत बौद्धांचा समावेश झाला तो १९९० साली, नागपूरच्या धम्मदीक्षेनंतर तब्बल ३४ वर्षांनी. ‘हिंदू, शीख किंवा बौद्ध’ अशी ती अट झाली. आता हीच अट नकारार्थी लिहिताना नवशिका लिहितो : ‘धर्म हिंदू नसेल, किंवा शीख नसेल, किंवा बौद्ध नसेल, तर अर्ज नाकारा.’ वाक्य कानाला बरोबर वाटते. परंतु बौद्ध अर्जदार हिंदू नसतोच, आणि हिंदू अर्जदार शीख नसतो. परिणामी प्रत्येकाचा अर्ज नाकारला जातो! अट उलटवताना ‘किंवा’चे ‘आणि’ होते, हा तर्कशास्त्राचा नियम येथे विसरला जातो.

उपाय साधे आहेत. अट प्रथम कागदावर मराठीत लिहावी. सीमेच्या अलीकडची, सीमेवरची आणि पलीकडची किंमत, म्हणजे २,४९,९९९, २,५०,००० आणि २,५०,००१, देऊन उत्तर पडताळावे. जो पात्र ठरावा आणि जो ठरू नये, अशा दोघांचेही नमुने तपासावेत.

चिन्हाची चूक कधी यंत्र दाखवून देते. उरलेल्या तीन चुका मात्र निमूट राहतात. प्रोग्राम सुरळीत चालतो, आणि चुकीची किंमत कुठल्यातरी खेड्यातील विद्यार्थी मोजतो. घडणाऱ्या प्रत्येक गोष्टीमागील प्रत्यय शोधावा, हे प्रतीत्यसमुत्पादाने आपणांस शिकवले आहे. आपल्यापैकी जे आज प्रोग्राम लिहितात, त्यांनी अट लिहिताना त्या अटीपलीकडे उभ्या असलेल्या माणसाचे स्मरण ठेवावे, एवढीच आमची अपेक्षा.