परसबागेचे वर्ष : भोगीची भाजी घरचीच



आपल्या शिवारात उसाचे फड उभे असतात, पण संक्रांतीच्या आदल्या दिवशी भोगीच्या भाजीला लागणारा घेवडा, वांगी, गाजर आपण बाजारातून आणतो. उसाचे बिल वर्षातून ठरावीक वेळीच हाती पडते. भाजीचा खर्च मात्र रोजचा. घरामागे एक गुंठा, म्हणजे 33 फूट लांब व 33 फूट रुंद जागा काढली, तर घरची बरीचशी भाजी त्यात निघते. फक्त वेळचे काम वेळेला व्हावे लागते. भोगीची भाजी जानेवारीत शिजते, पण तिची तयारी मे महिन्यातच करावी लागते.

उन्हाळा : जागा खणून माती उन्हात चांगली तापू द्यावी. रोहिणी निघाल्या की वाफ्यांत कुजलेले शेणखत मिसळावे. कारखान्याचे प्रेसमड वापरायचे तर तेही पुरते कुजलेलेच घ्यावे. ताजे घातले तर कुजताना तापते आणि कोवळी मुळे जळतात.

मृग : 7-8 जूनला मृग निघते म्हणून लगेच बी टाकू नये. आपल्याकडे हा पाऊस पुष्कळदा हुलकावणी देतो. वीतभर ओल गेली की भेंडी, गवार लावावी. दोडका, कारले मांडवाला सोडावे. कुंपणाला घेवड्याचा वेल लावावा. आपला गावरान घेवडा दिवस लहान होऊ लागल्याशिवाय फुलावर येत नाही. श्रावणात नुसताच पाला दिसतो म्हणून कित्येक जण वेल उपटून टाकतात. तसे करू नका, थंडीत तोच शेंगांनी लगडतो. याच दिवसांत निंबोळ्या पडतात. त्या वेचून, वाळवून ठेवा.

वांग्याचे रोप जुलैअखेर टाकावे आणि महिन्याभराने लावावे. सोलापूर जिल्ह्यात वर्षाचा पाऊस जेमतेम साडेपाचशे मिलिमीटर, आणि त्यातला मोठा वाटा सप्टेंबरात पडतो. काळ्या रानात तेव्हा पाणी साचते. म्हणून वांगी सरीच्या वरंब्यावर लावावीत.

हस्त व पुढे : पाऊस उघडला की मेथी, पालक, मुळा, गाजर, लसूण. कोथिंबिरीसाठी धने हलके रगडून दोन फाकी करून पेरावेत. सगळी मेथी एकाच दिवशी पेरू नये. दर पंधरवड्याला एक वाफा पेरला की ताटात खंड पडत नाही.

थंडीत घेवड्यावर मावा येतो. अर्धा किलो निंबोळी कुटून रात्रभर पाण्यात भिजवावी, सकाळी गाळून एकूण दहा लिटर पाणी करावे, त्यात थोडा साबण घालून फवारावे. मात्र उसात टू-फोर-डी हे तणनाशक मारलेला पंप परसबागेत कधीही आणू नये. पंपात राहिलेल्या थोड्याशा औषधानेही वांगी, घेवडा, भेंडी यांची पाने वाकडी होतात व झाड बसते. शेजारच्या फडात ते मारताना वाऱ्याची दिशा आधी पाहावी.

पुन्हा उन्हाळा : फेब्रुवारीनंतर पाण्याची ओढ लागते. तेव्हा सगळी बाग जगवण्याचा हट्ट धरू नये. शेवगा, कढीपत्ता, अळू आणि दोन-चार वांगी ठेवावीत. न्हाणीचे पाणी अळूला, केळीला सोडावे. कच्च्या खायच्या भाजीला ते नको. बुडख्याशी उसाच्या पाचटाचा चार बोटे थर द्यावा, म्हणजे ओल टिकते. जे पाचट आपण फडात पेटवून देतो, तेच इथे पाणी वाचवते. शेवग्याच्या शेंगा संपल्या की छाटणी करावी.

एक काम विसरू नका. दोडक्याचे आणि घेवड्याचे पहिले चांगले फळ न तोडता वेलावरच वाळू द्या. ते बी राखेत घालून गाडग्यात ठेवा. पुढच्या मृगाला बियाणाच्या दुकानात जावे लागणार नाही.

बहुतेक घरी हे काम माउलीच पाहते. फडाचे पाणी देताना आठवड्यातून एक पाळी, अर्धा तास का होईना, परसाकडे वळवा. तेवढे केले तर येत्या भोगीला घेवडा, वांगी, गाजर घरचे निघेल, आणि ऊस तर आपलाच आहे.