उचल

श्रीमंत कोणास म्हणावें असें विचारल्यास आपल्यापैकीं बहुतेक विद्यार्थी वाडा, मोटार, दागदागिने यांचीं नांवें घेतील. मला मात्र या प्रश्नाचें उत्तर 'उचल' या लहानशा शब्दांत सांपडलें. बीड जिल्ह्यांतील ऊंसतोड मजुरांच्या नित्य बोलण्यांतला हा शब्द आहे.

बालाघाटाच्या डोंगराळ व अल्प पावसाच्या मुलखांतून दरवर्षीं दिवाळीच्या सुमारास लाखों माणसें पश्चिम महाराष्ट्रांतील व कर्नाटकांतील साखर कारखान्यांकडे निघतात. नवराबायकोच्या जोडीस तेथें 'एक कोयता' म्हणतात, एकट्यास 'अर्धा कोयता'. माणसें हत्याराच्या नांवानें मोजावयाचीं, यांतच पुष्कळ कांहीं आलें! पहांटेच्या अंधारांत फडांत शिरावयाचें, ऊंस बुडापाशीं तोडावयाचा, पाचट काढावयाचें, मोळ्या बांधावयाच्या आणि त्या डोकीवर वाहून गाडींत भरावयाच्या. मजुरी मिळते ती टनावर. जानेवारी २०२४ मध्यें तिचा दर ३४ टक्क्यांनीं वाढविण्याचें ठरलें. त्यापूर्वीं तो टनास पावणेतीनशे रुपयांच्या आसपास होता.

पण दर वाढला म्हणून हातीं रोकड पडते असें नाहीं, कारण ती मजुरी आधींच खर्च झालेली असते. पावसाळ्यांत काम नसतें. घरीं लग्न निघतें, कोणी आजारी पडतें, बियाणें घ्यावयाचें असतें. अशा वेळीं मुकादम जी रक्कम देतो ती उचल. पुढें सहा महिने ऊंस तोडून ती फेडावयाची. तापानें अंथरूण धरलें तरी खाडा पडतो, आणि त्याचे पैसेही मजुराच्याच खातीं लिहिले जातात. हंगाम सरतांना बाकी राहिली तर ती पुढील वर्षाच्या माथीं! १९७६ च्या वेठबिगार निर्मूलन कायद्यानें आगाऊ रकमेपोटीं श्रम बांधून घेण्यास बंदी केली. परंतु मुकादमाच्या वहीपर्यंत कायदा पोहोंचणें सोपें नाहीं.

वाचकहो, कारकुनाचा पगार थोडा असला तरी तो महिना भरल्यावर मिळतो आणि नोकरी न आवडल्यास ती सोडतां येते. व्यापारी भाव चढेपर्यंत माल कोठारांत ठेवतो. ज्यास थांबतां येतें आणि 'नको' म्हणतां येतें, त्याच्यापाशीं संपत्ति आहे, असें मी समजतों. कोयत्यास शेजारच्या कारखान्यावर अधिक दर मिळत असला तरी तिकडे जातां येत नाहीं, कारण येणारे सहा महिने त्यानें आषाढांतच विकलेले असतात.

या हिशेबांत मुलेंही ओढलीं जातात. दहा वर्षांची मुलगी फडाकडेच्या कोपींत धाकट्या भावास सांभाळीत बसते. तिच्यासाठीं कोठें साखरशाळा निघाल्या, कोठें गांवींच हंगामी वसतिगृहें उघडलीं. जेथें तीं नीट चालतात तेथें आईबाप निघून गेले तरी मुलगी वर्गांत बसते. इतरत्र दिवाळीची सुटी संपल्यावर गुरुजी हजेरी घेतात, तेव्हां नांवामागून नांव निरुत्तर जातें. आणि तीं मुलें परततात तेव्हां वार्षिक परीक्षा उंबरठ्यावर आलेली असते.