अडुसष्ट अंशांवरील स्थित्यंतर

तांब्याची तार तापविली असता तिचा विद्युत्‌रोध वाढतो, आणि धातूंच्या बहुतेक ऑक्साइडांत, याच्या नेमके उलट, उष्णतेने मोकळे झालेले इलेक्ट्रॉन वाहकता क्रमाक्रमाने वाढवीत नेतात, हा पाठ्यपुस्तकांतील दाखला खरा आहे. परंतु काही ऑक्साइडांत हा पालट क्रमाने न होता एका ठरावीक तपमानास एकाएकी घडून येतो, आणि त्यासरशी स्फटिकाची अंतर्रचनाही बदलते. १९५९ साली अमेरिकेतील बेल प्रयोगशाळेत एफ. जे. मॉरिन यांनी अशा काही ऑक्साइडांचे मापन प्रसिद्ध केले. त्यांत व्हॅनेडियम डायऑक्साइड मला सर्वांत विलक्षण वाटते, कारण त्याचे स्थित्यंतर अवघ्या ६८ अंश सेल्सिअसला, म्हणजे कढत पाण्याच्या उष्णतेत, घडते.

या तपमानाखाली त्याचा स्फटिक एकनताक्ष असून त्यातील व्हॅनेडियमचे अणू दोन-दोनांच्या जोड्या करून राहतात. जोडीतील अंतर सुमारे २.६५ अँगस्ट्रॉम, तर एका जोडीपासून दुसरीपर्यंतचे ३.१२, आणि अँगस्ट्रॉम म्हणजे सेंटिमीटरचा दहा कोटीवा भाग, हे ध्यानी घेतले म्हणजे ही तफावत किती सूक्ष्म आहे ते कळते. प्रत्येक अणूजवळचा एकुलता वहनक्षम इलेक्ट्रॉन या जोडीच्या बंधात जखडलेला असल्यामुळे पदार्थ विद्युत्‌प्रवाहास जवळजवळ मज्जाव करतो. ६८ अंशांना अणूंची कंपने इतकी बळावतात की जोड्या फुटतात, सर्व अंतरे २.८५ अँगस्ट्रॉमच्या आसपास सारखी होतात, रचना चतुष्कोणीय बनते, इलेक्ट्रॉनांना संचाराची मुभा मिळते, आणि निर्दोष स्फटिकात रोध सुमारे एक लक्ष पटींनी उतरतो. निवताना पूर्वस्थिती परत येते, पण काही अंश खाली उतरल्यावरच. आणि हे वारंवार घडू दिल्यास अखंड स्फटिकाला भेगाही पडतात.

आधी अणू सरकतात म्हणून इलेक्ट्रॉन सुटतात, की इलेक्ट्रॉनांच्या परस्पर प्रतिकर्षणाचा जोर ओसरल्याने अणूंची जोडी मोडते, हा वाद पायर्ल्स आणि मॉट या दोन थोर शास्त्रज्ञांच्या नावांनी दीर्घकाळ चालत आला आहे. माझ्या मते कोणत्याही एका पक्षास सर्व श्रेय देणे न्यायाचे होणार नाही, कारण जोडी जुळल्यावाचून रचना सिद्ध होत नाही आणि प्रतिकर्षण वगळल्यास निरोधकत्वाचा पूर्ण उलगडा होत नाही.

स्थित्यंतरानंतर हे ऑक्साइड अवरक्त किरण परतवून लावते, म्हणून त्याचा पातळ थर खिडकीच्या काचेवर देऊन उन्हाळ्यात उष्णता बाहेर ठेवण्याचा उद्योग अनेक संशोधक करीत आहेत. शेकडा दोनच्या आसपास टंगस्टनचे अणू मिसळले की पालटाचे तपमान खोलीच्या तपमानापर्यंत खाली येते. अडचणी दोन उरतात: थराला पिवळसर तपकिरी झाक असून तो दृश्य प्रकाशही अडवितो, आणि हवेतील ऑक्सिजन घेऊन त्याचे सावकाश पेंटॉक्साइड बनते, ज्यात ६८ अंशांना असे कोणतेही स्थित्यंतर घडत नाही.