जगणे, वाचणे आणि लिहिणे

व्याख्यान संपले की श्रोत्यांतून एक प्रश्न हमखास येतो : लेखकाला सुचते कसे? विचारणाऱ्याच्या मनात बहुधा अशी कल्पना असते की, लेखकाचे जगणे काही निराळे असावे. त्याला निवांतपणा असावा, समोर नदीकाठ असावा, आणि पिठाचा डबा रिकामा झाल्याचे त्याला घरात कोणी सांगत नसावे. ही कल्पना जितकी गोड, तितकीच खोटी आहे. ललित लेखन रोजच्या जगण्यातूनच येते, असे आमचे मत आहे; मात्र ते आपोआप येत नाही. जगणे सर्वांच्याच वाट्याला येते, लेखन थोड्यांच्या हातून घडते. या दोहोंच्या मध्ये जे उभे असते, त्याचे नाव वाचन. हा तिघांचा संबंध आपण आपल्याच नांदेड-लातूरच्या मुलखात तपासून पाहू.

आरंभ शेजारच्या परभणीपासून करू. बी. रघुनाथ, म्हणजे भगवान रघुनाथ कुलकर्णी, यांचा जन्म 1913 सालचा. मॅट्रिकनंतर शिक्षण थांबले आणि निजामी राज्याच्या बांधकाम खात्यात कारकुनी पत्करावी लागली. कविता, कथा, कादंबऱ्या हे सारे त्यांनी ही नोकरी सांभाळून लिहिले. 7 सप्टेंबर 1953 रोजी कचेरीतच त्यांचा अंत झाला; वय अवघे चाळीस. त्यांना सवड मिळाली असती तर त्यांनी अधिक लिहिले असते, हे खरे. परंतु मराठवाड्यातील खेड्यांची आणि मध्यमवर्गाची कोंडी त्यांच्या लेखनात जी दिसते, ती त्या कोंडीत राहिल्यावाचून दिसली असती काय, हाही प्रश्न उरतोच. रोजचे जगणे लेखनाचे वैरी असते तसेच ते लेखनाचे भांडवलही असते.

या भांडवलाला आपल्याकडे एक विशेष अडचण होती. 17 सप्टेंबर 1948 पर्यंत आपण हैदराबाद संस्थानात होतो. कचेरीची भाषा उर्दू. 1918 साली स्थापन झालेल्या उस्मानिया विद्यापीठातले शिक्षणही उर्दूतून. 1929 च्या सुमारास निघालेल्या ‘गश्ती निशाण 53’ या हुकुमाने सभा भरवण्यालाही आगाऊ परवानगी लागू लागली. अशा काळात मराठी पुस्तक हातात घेणे ही केवळ करमणूक नव्हती. म्हणूनच त्या काळी वाचनालये निघाली. हैदराबाद शहरातले मराठी ग्रंथसंग्रहालय 1922 सालचे आहे. जिथे सभा घेता येत नसे, तिथे वर्तमानपत्र वाचण्याच्या निमित्ताने चार माणसे एकत्र बसू शकत. आपल्या घरातली भाषा छापली जाते, तिच्यात विचार मांडता येतो, हे त्या पिढीला वाचनालयाने शिकवले. आज आपण व्याख्यानाला मोकळेपणी बसतो, त्यामागे ही खटपट आहे.

पण वाचनाचे जसे उपकार असतात तसा त्याचा एक धाकही असतो. छापील मराठी आपल्याकडे बहुतांशी पुण्या-मुंबईहून आली. त्यामुळे लिहिणाऱ्याची समजूत अशी होऊ लागली की, लिहायचे तर तशीच मराठी लिहिली पाहिजे. घरी आई म्हणते, ‘‘लेकरू येऊ लालंय’’. मुलगा वहीत लिहितो, ‘‘बालक येत आहे’’. व्याकरण शुद्ध झाले, पण आई मात्र वाक्यातून निघून गेली! ‘मोंढा’ म्हटल्याबरोबर धान्याची पोती, हमालाची पाठ आणि अडत्याचा पुकारा डोळ्यांपुढे उभा राहतो; ‘बाजारपेठ’ म्हटल्याने तसे होत नाही. लातूरच्या गंजगोलाईला सोळा रस्ते येऊन मिळतात. त्या सोळा रस्त्यांनी येणारी बोली कानांवर पडत असताना एकाच छापाची भाषा लिहिणे, हे आपल्या कानांशी अप्रामाणिक होणे आहे. भास्कर चंदनशिव यांची ‘लाल चिखल’ ही कथा अनेकांना ठाऊक असेल. बाजारात भाव न मिळाल्याने शेतकरी आपलेच टोमॅटो पायदळी तुडवतो, एवढीच तिची घटना. बाजारच्या दिवशी असे दुःख पाहणारे पुष्कळ होते. चंदनशिवांनी ते त्याच मातीच्या बोलीत मांडले, म्हणून महाराष्ट्राने ते ऐकले.

मग वाचावे कशासाठी? आमचे उत्तर असे की, वाचन आपल्याला शब्द पुरवते त्याहून अधिक ते प्रश्न पुरवते. याचे मोठे उदाहरण नांदेडचेच आहे. नरहर कुरुंदकर इंटरच्या परीक्षेत एकाहून अधिक वेळा नापास झाले. अभ्यास नव्हता म्हणून नव्हे, तर अभ्यासक्रमाच्या बाहेरचे वाचन आवरेना म्हणून. पुढे ते शाळेत शिक्षक झाले, स्वामी रामानंद तीर्थांच्या पुढाकाराने 1950 साली निघालेल्या पीपल्स कॉलेजात प्राध्यापक आणि नंतर प्राचार्य झाले. मनुस्मृती, नाट्यशास्त्र, शिवचरित्र, मराठी कादंबरी अशा कितीतरी विषयांवर त्यांनी लिहिले. मोठ्या शहरातल्या मोठ्या ग्रंथालयाची वाट पाहत ते थांबले नाहीत. मिळेल ते पुस्तक घ्यावे आणि त्याच्याशी वाद घालावा, ही त्यांची रीत होती.

हे उदाहरण आज मुद्दाम सांगावेसे वाटते. लातूरने परीक्षांच्या तयारीत मोठे नाव मिळवले आहे. गावोगावची मुले तेथे येऊन रात्रंदिवस वाचतात, आणि त्यांतून डॉक्टर-इंजिनियर होतात. शेतकऱ्याच्या घराचे दैन्य त्याने फिटत असेल तर त्याला नावे ठेवण्याचा अधिकार कोणाला आहे? पण पालकहो, गुणांसाठी केलेल्या वाचनात उत्तर आधीच ठरलेले असते, आणि जगण्याला उपयोगी पडणाऱ्या वाचनात ते ठरलेले नसते. मुलाच्या हातात अभ्यासक्रमाबाहेरचे एखादे पुस्तक दिसले तर ते काढून घेऊ नका, एवढीच आमची विनंती आहे.

आता लेखनाकडे वळू. 2016 च्या उन्हाळ्यात लातूर कोरडे पडले. पाणवठ्यांवर जमावबंदीचा हुकूम लावावा लागला आणि एप्रिलमध्ये मिरजेहून आगगाडीने पाणी आणावे लागले. पहिल्या खेपेला सुमारे 5 लाख लिटर. वर्तमानपत्रांनी हे आकडे दिले, ते त्यांचे कामच होते. पण आंघोळीचे पाणी घमेल्यात धरून त्यावर फरशी पुसायची, भांडी विसळलेले पाणी तुळशीला घालायचे, पाहुणा येणार म्हटले की आनंदाआधी घागरी मोजायच्या, हे कोणी टिपायचे? शेजारणीला तांब्याभर पाणी नाही म्हणताना बाईचा आवाज कसा होतो, हे कोणत्या अहवालात येणार? लेखकाचे काम नेमके येथे सुरू होते. आकडा सगळ्यांचा असतो, तांब्या एका घरचा असतो. त्या एका तांब्यातून सगळ्यांची तहान वाचकाला कळली, म्हणजे लेखन झाले.

यासाठी फार साधने लागत नाहीत. लातूरपासून जवळच्या अंबाजोगाईत दासोपंतांची पासोडी आहे. सोळाव्या-सतराव्या शतकातल्या या कवीने पंचीकरणासारखा गहन विषय, आकृत्यांसह, सुमारे 40 फूट लांबीच्या कापडावर लिहून काढला. अंगावर पांघरायची पासोडी त्यांनी ग्रंथासाठी पुरेशी मानली. आपल्याजवळ निदान वही तरी आहे. रोज चार ओळी लिहाव्यात. आज काय ऐकले, कोण काय म्हणाले, कोणत्या शब्दांत म्हणाले. त्यांतून प्रत्येक जण लेखक होईल असे नाही. पण आपल्या आईचे, आपल्या मोंढ्याचे आणि आपल्या उन्हाळ्याचे शब्द ज्याने टिपले नाहीत, त्याच्यामागून ते त्याच्या नातवाला कोठे शोधावे लागतील, याचा विचार प्रत्येकाने आजच करावा.